मेयोनीजमधली साखर आणि मेयोनीजखालचा ब्रेड

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या यजमानांना दोन महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) ७.६, मेटफॉर्मिनची गोळी सुरू. गोडधोड त्यांनी फारशी कुरकुर न करता सोडलं, पण एगलेस मेयोनीज काही सुटत नाही. सँडविच, कटलेट, अगदी थालीपिठाबरोबरही त्यांना ते लागतं. ताईंनी बाटलीवर 'साखर' असं वाचलं आणि घरातल्या बाटल्या टाकून दिल्या. मग घरीच बिनसाखरेचं मेयोनीज करायला घेतलं. पहिलं फाटलं. दुसऱ्यात साखरेऐवजी स्टीव्हिया घातलं, ते कडवट झालं. तिसरं काजूचं केलं, तर यजमान म्हणाले, 'ही तर मलई कोफ्त्याची ग्रेव्ही.' सासूबाई घरात असल्याने अंडं चालत नाही. आता यजमान ऑफिसातून येताना गाडीवर मेयो सँडविच खाऊन येतात, हे ताईंना चौदा वर्षांच्या मुलाकडून कळलं. त्यांचे प्रश्न दोन: बाटलीतल्यासारखंच लागेल, पण साखर अजिबात नसेल असं मेयोनीज घरी कसं करायचं? आणि ऐकत नाहीत त्या माणसाचं काय करायचं?

ताई,

कृती देते, काळजी नको. पण आधी त्या टाकून दिलेल्या बाटल्यांबद्दल बोलू. तुमचा सगळा हिशेब तिथून सुरू झाला आणि मला वाटतं, तो तिथेच थोडा बिनसला.

बाटलीच्या मागे पोषणाचा तक्ता असतो. त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर हे दोन आकडे वेगवेगळे द्यावे लागतात, आणि बहुतेक तक्ते १०० ग्रॅमचे असतात. समजा, तुमच्या बाटलीवर १०० ग्रॅमला एकूण कर्बोदकं, म्हणजे साखर आणि स्टार्च धरून, १२ ग्रॅम लिहिली आहेत. मोठा, म्हणजे पोह्यांचा चमचा सपाट भरला तर साधारण १५ ग्रॅम मेयोनीज मावतं. म्हणजे एका चमच्यात दोन ग्रॅमपेक्षाही कमी कर्बोदकं. सँडविचला दोन चमचे लावले तर साडेतीन-चार ग्रॅम.

आता त्या सँडविचचा ब्रेड घ्या. पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये मिळून पंचवीस ते तीस ग्रॅम कर्बोदकं असतात. गाडीवर त्यात उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या येतात, कडेला वेफर्स येतात, वरून सॉस फिरतो. बाटलीतली साखर शून्यावर आणायला तुम्ही एवढा जीव काढलात, पण ज्या दोन स्लाइसवर ते मेयोनीज पसरतं त्यांचा तुमच्या पत्रात कुठे उल्लेखच नाही. रक्तातल्या साखरेचं मुख्य भांडण त्यांच्याशी आहे.

म्हणून बाटली निर्दोष आहे, असंही नाही. तिचा दोष वेगळा आहे. पूर्ण तेलाच्या मेयोनीजचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे ९० कॅलरी. दोन चमच्यांत जवळपास दोन फुलक्यांइतकी ऊर्जा जाते आणि पोटाला पत्ताही लागत नाही. नव्याने मधुमेह निघालेल्या बऱ्याच जणांचं वजन जास्त असतं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले असतात, यकृतावर चरबी असते. यजमानांच्या रिपोर्टांमध्ये असं काही असेल, तर साखर काढून तेल तसंच ठेवलेलं मेयोनीज हा त्यांच्या दुखण्याला अर्धाच इलाज आहे. उलटं करणारेही आहेत. 'लो फॅट' लिहिलेली बाटली आणली की काम झालं, असं त्यांना वाटतं. तेल कमी केलं की दाटपणा कुठून तरी आणावा लागतो, आणि तो बऱ्याचदा स्टार्चमधून येतो. घटकांच्या यादीत स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज यांपैकी काही दिसलं, की समोर 'साखर' नसली तरी कर्बोदकं आहेत. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे कोण कितव्या जागी बसलं आहे तेही बघायचं. आणि 'शुगर फ्री' छापायचं असेल, तर आपल्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅमला साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. ते बंधन फक्त साखरेवर आहे, स्टार्चवर नाही.

आता चवीकडे येऊ. तुम्हाला 'बाटलीतल्यासारखंच' हवं आहे. मूळ मेयोनीज म्हणजे अंड्याचा बलक, तेल, आंबटपणा आणि मीठ, बस्स. त्यात गोडाचं काही काम नाही. गोडसर, थोडं पिठूळ-गुळगुळीत चव असलेला प्रकार नंतरचा. अमेरिकेत १९३३ साली, मंदीच्या दिवसांत, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात क्राफ्ट कंपनीने मिरॅकल व्हिप आणलं. मेयोनीजपेक्षा स्वस्त, तेल कमी, गोडवा जास्त. आपल्याकडच्या एगलेस बाटल्यांची चव त्याच घराण्यातली आहे. बलक नाही, म्हणून स्टार्च आणि गोंद. आंबट-तिखट टोक बोथट करायला साखर. तेव्हा यजमानांना नेमकं काय आवडतं, ते एकदा विचारा. गोडवा? आंबटपणा? की कोरड्या घासाला मिळणारा ओलावा? मला दाट शंका आहे की थालीपिठाबरोबर मेयोनीज मागणाऱ्या माणसाला ओलावा आणि आंबटपणा हवा आहे. तसं असेल तर तुमचं काम निम्मं सोपं झालं.

पहिली कृती दुधाची. स्पेनमध्ये बिनअंड्याचं असं मेयोनीज करतात, त्याला लाक्तोनेसा म्हणतात. फ्रीजमधलं गार, साय न काढलेलं दूध अर्धी वाटी आणि तेल एक वाटी, म्हणजे दुधाच्या दुप्पट तेल. हे प्रमाण मोडायचं नाही. हॅण्ड ब्लेंडर जेमतेम बसेल अशा उंच, अरुंद भांड्यात दूध, तेल, मीठ आणि पाव चमचा मोहरीची पूड घाला. ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करा आणि वीस-तीस सेकंद अजिबात हलवू नका. तळाशी पांढरं दाट दिसायला लागलं की हळूहळू वर उचला. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर अगदी शेवटी, चमचाभर; ते पडताच मिश्रण आणखी घट्ट होतं.

तुमचं पहिलं का फाटलं असेल? बहुधा दूध कोमट होतं, भांडं पसरट होतं, किंवा लिंबू आधीच घातलं. मिक्सरमध्ये करत असाल तर चटणीचं छोटं भांडं घ्या, थांबून थांबून फिरवा म्हणजे ते तापणार नाही, आणि तेल झाकणाच्या भोकातून बारीक धारेने सोडा. फाटलंच तर टाकू नका. स्वच्छ भांड्यात दोन चमचे गार दूध घ्या, ब्लेंडर चालू ठेवा आणि फाटलेलं मिश्रण त्यात थोडं थोडं सोडा. बहुतेक वेळा सावरतं.

तेल वास नसलेलं घ्या, सूर्यफुलाचं किंवा रिफाइंड शेंगदाण्याचं. घाण्याचं शेंगदाणा तेल भाजीत छान, इथे नुसती शेंगदाण्याचीच चव येते. खोबरेल फ्रीजमध्ये थिजतं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल वेगाने घुसळलं की कडू लागू शकतं. तुमच्या दुसऱ्या खेपेत स्टीव्हियाबरोबर तेही होतं का, हे आठवून बघा.

यातली कर्बोदकं फक्त दुधातली. अर्ध्या वाटी दुधात सुमारे पाच ग्रॅम, आणि ती पाव किलोहून जास्त मेयोनीजमध्ये पसरलेली. चमच्याला पाव ग्रॅमच्या आसपास. तुमची 'साखर नको' ही अट इथे जवळजवळ पुरी होते. मात्र कॅलरी बाटलीइतक्याच राहतात, हे विसरू नका.

दुसरी कृती माझ्या मते तुमच्या घराला जास्त जमणारी आहे, आणि सासूबाईंना ती शिकवावी लागणार नाही. चक्का आणि फेसलेली मोहरी. अर्धा किलो घट्ट, ताजं, फार आंबट न झालेलं दही मलमलच्या फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, खाली पातेलं देऊन फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. बाहेर टांगलंत तर आंबट होईल. पाण्याबरोबर दुधातली थोडी साखर निघून जाते, सगळी नाही. मोहरीची डाळ एक छोटा चमचा, थोड्या गार पाण्यात मिक्सरवर फेसा. नाकात झणका गेला पाहिजे. गरम पाणी घेतलं तर झणका मरतो. वाटलेली मोहरी दहा मिनिटं तशीच राहू द्या. मग चक्का, त्यातली अर्धी मोहरी, मीठ, मिरपूड आणि दोन मोठे चमचे तेल एकत्र घुसळा. तेल एकदम न ओतता चमच्याचमच्याने. मग चाखा आणि हवी तर उरलेली मोहरी घाला. दहीकाकडीच्या कोशिंबिरीत आपण मोहरी फेसून घालतो तीच ही युक्ती, फक्त तेल घालून दाट केलेली. मोहरी इथे नुसत्या चवीसाठी नाही. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायला तिची मदत होते.

यात १०० ग्रॅमला चार-पाच ग्रॅम कर्बोदकं पडतील, पण कॅलरी तेलाच्या मेयोनीजच्या निम्म्याहून कमी, आणि प्रथिनं मिळतात ती वेगळी. चव बाटलीची नाही. ती बाटलीची असल्याचा दावा जेवणाच्या टेबलावर करूच नका, नाहीतर ते तुलना करत बसतील. 'मोहरीचं दही' म्हणून वाढा.

काजूबद्दल सांगायलाच हवं, कारण कमी कार्ब म्हणून काजू वापरणारे पुष्कळ आहेत. १०० ग्रॅम काजूत सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं असतात. पाणी आणि थोडं तेल घालून वाटलेल्या तुमच्या काजू मेयोनीजमध्ये १०० ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅमच्या घरात आली असणार, म्हणजे फेकलेल्या बाटलीपेक्षा कमी नाहीच. सुकामेव्याचंच करायचं असेल तर भिजवून सोललेले बदाम घ्या. त्यातल्या कर्बोदकांचा मोठा भाग तंतूंचा असतो.

गोडवा खरंच हवा असेल तर? गूळ, मध, खजूर यांना कृपा करून 'नैसर्गिक' म्हणून आत घेऊ नका; रक्ताला तो फरक कळत नाही. स्टीव्हिया आंबट पदार्थात कडवट लागतं, तुम्ही अनुभवलंच. एरिथ्रिटॉल तोंडात गार लागतं आणि फ्रीजमध्ये त्याचे खडे होऊ शकतात, म्हणून घालायचंच तर दळून आणि अगदी कमी. सुक्रालोजचा एखादा थेंब चवीला बरा जमतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली वजन कमी करण्यासाठी अशी गोडवणी वापरू नका असं सुचवलं, पण ती शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. तुमच्या मुलासाठी मात्र ती लागू पडते. त्याच्या वाट्याला हे थेंब देण्याची गरज नाही.

आणि एक गोष्ट मी बिनधास्त सांगते, काहींना पटणार नाही. वर दिलेल्या दुधाच्या मेयोनीजमध्ये अर्धा छोटा चमचा साधी साखर घातलीत, तर ती साधारण दोन ग्रॅम. पूर्ण भांड्यात वीसेक चमचे मेयोनीज होतं. चमच्यामागे एक दशांश ग्रॅम. एवढ्या साखरेने चव जमत असेल आणि यजमान गाडीऐवजी घरी खाणार असतील, तर मी ती साखर घालीन. शून्याचा आग्रह त्यांच्या साखरेपेक्षा तुमच्या मनाच्या शांतीसाठी जास्त आहे असं मला वाटतं. राग मानू नका.

अंडं खाणाऱ्या वाचकांसाठी दोन वाक्यं. कच्च्या अंड्याचं मेयोनीज घरी करू नका: विषबाधेच्या प्रकरणांनंतर केरळने जानेवारी २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षवर्षभरासाठी. पूर्ण उकडलेलं अंडं, थोडं पाणी, लिंबू आणि मोहरी घालून तेलात फिरवलं तर चांगलं दाट होतं. कुठलाही प्रकार केला तरी स्वच्छ, कोरड्या बरणीत, फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस. आणि एप्रिल-मेमध्ये डब्यात देऊ नका.

मग हे लावायचं कशाला? दोनऐवजी एकच स्लाइस, वर काकडी, टोमॅटो, पनीर रचून, उघडं सँडविच. एवढ्याने निम्मी कर्बोदकं गेली, आणि ती दोन चमचे मेयोनीजमधल्या एकूण कर्बोदकांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. तपकिरी दिसतो म्हणून ब्रेड गव्हाचा असतो असं नाही, कारण काहींचा रंग कॅरॅमलचा असतो. पाकिटावर अख्ख्या गव्हाचं पीठ किती टक्के आहे ते बघा. कोबी, गाजर, सिमला मिरची बारीक चिरून त्यात मोहरीचं दही कालवलंत तर वाडगाभर खाता येतं. पनीरचे तुकडे तव्यावर परतून त्याबरोबरही छान. थालीपीठ एकच, त्यावर एक चमचा, आणि बाजूला काकडी भरपूर.

घरी ग्लुकोमीटर असेल तर वादावर उत्तम तोडगा आहे. एका दिवशी नेहमीचं दोन स्लाइसचं सँडविच बाटलीच्या मेयोनीजसह. दुसऱ्या दिवशी तेच सँडविच, घरच्या मेयोनीजसह. तिसऱ्या दिवशी एक स्लाइस, बाटलीच्याच मेयोनीजसह. रोज त्याच वेळी. खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. स्निग्ध पदार्थामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर उशिरा चढू शकते, म्हणून तीन-साडेतीन तासांनीही एकदा. माझा अंदाज असा की पहिल्या दोन दिवसांत फारसा फरक दिसणार नाही आणि तिसऱ्या दिवशी दिसेल. पण आकडे त्यांनी स्वतः टिपायचे, तुम्ही नाही.

इथूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. मधुमेह त्यांना, तक्ता वाचला तुम्ही, बाटल्या फेकल्या तुम्ही, प्रयोग केले तुम्ही, आणि हेरगिरी मुलाने. यात त्यांनी करायचं काय उरलं? चोरून खाणं. गोड सोडताना त्यांनी कुरकुर केली नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे माणूस हट्टी नाही, त्याला न विचारता घेतलेला निर्णय त्याला बोचला आहे. गाडीवरचं मला ठाऊक आहे, असं त्यांना सरळ, आवाज न चढवता सांगा, आणि ते कुणी सांगितलं हे मुलाच्या अंगावर येऊ देऊ नका. बापाच्या खाण्यावर पाळत ठेवण्याचं काम चौदा वर्षांच्या पोराला नको.

गाडी पूर्ण बंद होणार नाही, हे धरून चाला. मग तिथे मागायचं कसं ते दोघांनी ठरवा. बटाटा नको, काकडी-कांदा-टोमॅटो जास्त, सॉस नको, मेयोनीज एक चमचा, वेफर्स नकोत. आठवड्यातून एकदा की दोनदा, ते त्यांनी सांगावं. आणि दुधाचं मेयोनीज करण्याचं काम त्यांच्यावरच सोपवा. ब्लेंडर चालवायला अर्धं मिनिट लागतं, आणि भांडंभर पारदर्शक तेल डोळ्यांदेखत पांढरं होताना पाहिलं की आपण चमच्याने काय खातो, ते वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटी औषधांचं, हे मात्र सगळ्याच वाचकांनी वाचावं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांनी ब्रेड-बटाटा कमी केला तर सहसा साखर धोकादायक खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर कर्बोदकं अचानक तोडल्यावर ती घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर असताना कर्बोदकं जवळपास बंद केली, तर रक्तात कीटोनचं आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा मीटरवर साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. अशी कुठलीही गोळी चिठ्ठीवर असेल तर आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. नुसतं मेयोनीज बदलायला फोनची गरज नाही. ब्रेड, पोळी, भात तिन्ही एकदम बंद करायचा बेत असेल तर आहे.